नर्सला चार वर्षे कशासाठी?

(मूल येथे झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



तुमच्या पत्रांतून एक प्रश्न वारंवार येतो. एएनएमचा कोर्स दोन वर्षांत होतो, जीएनएम तीन वर्षांत होते, मग आदिवासी मुलीला बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांसाठी मदत का करायची? तेवढ्याच पैशांत दोन मुली लवकर कामाला लागतील. प्रश्न योग्य आहे. दान देणाऱ्याने हिशेब विचारलाच पाहिजे. आज मी याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे.

मूलहून सावलीमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथून पुढे रस्ता जसजसा जंगलात शिरतो तसतसे दवाखान्यांतले अंतर वाढत जाते. सरकारी निकषाप्रमाणे मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र असते, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण जंगलात ३,००० माणसे म्हणजे कितीतरी पाडे, मध्ये नाले, आणि पावसाळ्यात तुटणारी वाट. त्या उपकेंद्रावर डॉक्टर नसतो. असते ती सिस्टर.

आता तिच्या एका दिवसाचा विचार करा. सकाळी कोणी रात्री जन्मलेले, हातपाय गार पडलेले बाळ घेऊन येते. त्यानंतर सिकलसेलच्या वेदनेने कळवळणारा आठवीतला मुलगा येतो. दुपारी एक गरोदर बाई येते, तिचे डोके दुखते आहे आणि पाय सुजले आहेत. संध्याकाळी खाटेवर घालून एका म्हाताऱ्या बाबांना आणतात, त्यांचे तोंड वाकडे झाले आहे आणि उजवा हात उचलत नाही. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात या चौघांना चार वेगळे विभाग असतात आणि प्रत्येक विभागाची नर्स वेगळी असते. इथे चौघांसाठी एकच बाई आहे. जन्मल्या बाळापासून मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक वयाचे आजारपण तिला ओळखता आले पाहिजे. चार वर्षांच्या शिक्षणाचे मुख्य कारण हेच.

हे माझ्या मनाचे सांगत नाही. आपल्याच भागात झालेल्या अभ्यासांनी ते दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे आजार घरोघरी होता, पण ज्यांच्यासमोर बोलता येईल आणि जी तपासू शकेल अशी बाई जवळ नव्हती.

दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच नियतकालिकात गडचिरोलीच्या नवजात बाळांचा अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करणे ही कामे त्या करू लागल्या. दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळांसाठी गृहभेटी देऊ लागल्या, त्यामागे या कामाचा मोठा आधार आहे.

तिसरा अभ्यास २०१५ चा. ‘सर्च’ने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. सर्वाधिक मृत्यू लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने झाल्याचे दिसले. सात मृत्यूंमागे साधारण एक. बहुतेक माणसे घरीच गेली.

बंधुभगिनींनो, हे तीन अभ्यास एकापुढे एक ठेवून बघा. आधी स्त्रिया, मग नवजात बाळे, मग वयस्क माणसे. एकाच जिल्ह्यात संपूर्ण आयुष्यभराचा आजार उभा आहे. बाळांचे मरण कमी झाले याचा आनंद आहेच, पण आता तीच सिस्टर रक्तदाब मोजणार, गोळ्या चालू ठेवायला लावणार, खर्रा सोडायला सांगणार आणि झटका आलेल्या माणसाच्या घरच्यांना अंथरुणातल्या रुग्णाची कूस कशी बदलायची तेही शिकवणार.

कोणी म्हणेल, आरोग्यदूतांनी एवढे करून दाखवले, मग पदवी हवी कशाला? आरोग्यदूत आणि आशाताईंबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. पण त्यांना शिकवणारी, त्यांच्या नोंदी तपासणारी आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णाला हातात घेणारी कोणीतरी लागते. आशाताईने बाळाचा श्वास मिनिटाला ६० च्या वर मोजला आणि बाळ पाठवले, तर समोर त्याचा अर्थ कळणारी व्यक्ती असायला हवी. साखळीतली ती पुढची कडी म्हणजे नर्स. एएनएम सिस्टरही तिथेच अनेक वर्षे इमानाने उभ्या आहेत. त्यांचे काम कमी लेखायला मी इथे उभी नाही.

मग चार वर्षांत शिकवतात काय? भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला. आता आठ सत्रे आहेत. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, आहारशास्त्र आणि परिचर्येचा पाया. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, जंतुशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या. तिसऱ्या वर्षी बालकांची परिचर्या, मानसिक आजारांची परिचर्या, समाजातील आरोग्यकार्य आणि प्रसूतिशास्त्राची सुरुवात. शेवटच्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि समाजातील काम आणखी खोलात, संशोधनाची ओळख, आणि आठवे सत्र पूर्ण वेळ प्रत्यक्ष कामाचे. वयाचा एकही टप्पा सुटलेला नाही. वृद्धांची परिचर्याही त्यात आहे.

पण पुस्तकाने नर्स घडत नाही. वर्गात एक गोष्ट शिकायची आणि त्याच दिवसांत वॉर्डात जाऊन ती करायची, अशी या शिक्षणाची रीत आहे. आधी पुतळ्यावर, मग शिक्षिकेच्या नजरेखाली रुग्णावर, मग स्वतः. प्रत्येक गोष्ट नोंदवहीत लिहायची आणि शिक्षिकेची सही घ्यायची. ठरावीक बाळंतपणे विद्यार्थिनीला स्वतःच्या हातांनी करावी लागतात. बाळ बाहेर आल्यावर लगेच आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन द्यायचे, वार पूर्ण पडली का ते बघायचे, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झाले का ते तपासायचे. रक्तस्राव सुरू झाला तर हातात मिनिटे असतात. त्या मिनिटांत पुस्तक उघडता येत नाही, हातांनाच ते माहीत असावे लागते.

आपल्या भागाची आणखी दोन उदाहरणे देते. मण्यार रात्री झोपेत चावते. डंखाची खूण दिसतही नाही. माणूस पोट दुखते म्हणून उठतो आणि थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. ज्या नर्सने वॉर्डात असा रुग्ण पाहिला आहे, ती पोटदुखीची गोळी देऊन त्याला घरी पाठवत नाही. ती त्याचा श्वास बघते, सर्पदंशाचे औषध असलेल्या रुग्णालयात कळवते आणि गाडी बोलावते.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तपासण्या वाढल्या आहेत. पण कार्ड हातात आल्यावर गावात प्रश्न पडतो, आता पुढे काय? आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी त्या घरी बसून, कोणालाही दोष न देता समजावून सांगणे हे अवघड काम आहे. त्याला शास्त्र लागते आणि माणसांची भाषाही लागते. इथे आपल्या गोंड आणि माडिया मुलींचे मोल कळते. म्हातारी आजी तिच्याशी गोंडीत मोकळेपणाने बोलते. तेच बोलणे दुभाष्यामार्फत अर्धेच पोहोचते.

थोडे मागे जाऊ या. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी भारतात नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. एक महाविद्यालय दिल्लीत उघडले. पुढे ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. दुसरे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. डॉ. आयडा स्कडर यांनी तिथे १९०० मध्ये एका खाटेच्या दवाखान्याने सुरुवात केली होती आणि १९०९ मध्ये नर्सिंगची शाळा काढली होती. शाळेपासून पदवीपर्यंत यायला ३७ वर्षे लागली. त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनी परक्यांच्या अंगाला हात लावायचे काम करू नये असा समज होता. त्या कामाला पदवीचा मान मिळावा म्हणून आपल्या आधीच्या पिढ्यांनी कष्ट घेतले. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी आज्या आणि मावश्या मिशन रुग्णालयांतून सिस्टर झाल्या आणि त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आजची अडचण. मुलगी हुशार आहे, तिची इच्छा आहे, तरी ती पदवीपर्यंत का पोहोचत नाही? मला चार अडथळे दिसतात.

पहिला अडथळा अकरावीत असतो. एएनएम आणि जीएनएमला कला शाखेतूनही जाता येते. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी करावी लागते. साधारण गटाला किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जमातीच्या मुलींना ४० टक्के गुण लागतात, शिवाय राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. गावाजवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा असते, म्हणून मुलगी तीच घेते. सोळाव्या वर्षी, कोणाशी चर्चा न होता, तो दरवाजा बंद होतो. बारावीनंतर मुलगी आमच्याकडे येते तेव्हा आमच्या हातात फारसे काही राहत नाही.

दुसरा अडथळा कागदपत्रांचा. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. बारावीचा निकाल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम साधारण एकाच वेळी येतो. वर्षाची रोख कमाई त्या दिवसांत होते. वडील जंगल सोडून तहसीलला फेऱ्या मारू शकत नाहीत. एका वडिलांनी मला विचारले, “ताई, पोरगी चार वरसं बाहेर राहीन, मंग मोहफुलाच्या दिवसात घरी कोण राहीन?” त्यांना मुलीचे शिक्षण नको आहे असे नाही. घरातली एक कमावती जोडी कमी होते, हा त्यांचा खरा हिशेब आहे.

तिसरा अडथळा पहिले सत्र. बारावीपर्यंत मराठीतून बोललेली मुलगी अचानक इंग्रजी पुस्तकासमोर बसते. हाडांची नावे, औषधांची नावे, सगळे नवे. हुशार मुली याच सहा महिन्यांत खचतात आणि दिवाळीला घरी आल्या की परत जायला तयार होत नाहीत.

चौथा अडथळा सर्वांत वाईट. एजंट गावात येतात. “काही लागत नाही, शिष्यवृत्तीत सगळे भागते,” असे सांगून मुलींना दूरच्या कॉलेजात नेतात. आमच्या परिसरातली एक मुलगी अशाच एका कॉलेजात होती. रुग्णालयाची पाटी होती, पण खाटा रिकाम्या. बाळंतपण न पाहता मैत्रिणीच्या वहीवरून नोंदी उतरवायला सांगत. ती रडून मला म्हणाली, “ताई, मला सुई टोचायचीसुद्धा भीती वाटते, मी सिस्टर कशी होणार?” तिचे वर्ष वाया गेले. म्हणून कॉलेज निवडताना तीन गोष्टी तपासा. महाराष्ट्रातले कॉलेज असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का? परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? आणि किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय खरोखर चालते का? तिसरी गोष्ट कागदावर बघू नका. एकदा जाऊन ओपीडीच्या वेळी तिथे उभे राहा.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आणखी एक शंका आहे, ती मी टाळणार नाही. शिकलेली मुलगी परत येईल का? की नागपूर, पुणे, परदेश? काही जातील. ज्या मुलीने घरची गरिबी पाहिली आहे तिने जास्त पगाराची नोकरी धरली तर तिला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. पण परत येण्यासाठी जागाही हवी, आणि ती आता आहे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले आहे. ठरलेले प्रशिक्षण घेतलेल्या बी.एस्सी. नर्सला ते मिळू शकते. पदवीधर मुलगी आपल्याच तालुक्यात मानाने काम करू शकते. वेल्लोरला मंडळ्या आणि मिशन रुग्णालये उमेदवार पुरस्कृत करून पाठवतात आणि शिक्षणानंतर ठरलेला काळ ती व्यक्ती गरजेच्या भागात सेवा देते. आपणही मुलीशी आणि तिच्या आईवडिलांशी सुरुवातीलाच असे मोकळे बोलणे करावे. मदतीचे ओझे तिच्या मानेवर ठेवू नये, पण तिची वाट आपण बघतो आहोत हे तिला माहीत असावे. सुट्टीत तिला बोलवा, मंडळीत उभे करा, ती काय शिकली ते विचारा. ज्या गावाला आपली आठवण आहे त्या गावाकडे पाय वळतात.

ज्या मुलींना चार वर्षे शक्य नाहीत, त्यांना एएनएम किंवा जीएनएम करू द्या. जीएनएम झालेल्या मुलीला नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते. वाट लांब आहे, पण बंद नाही. आपण फक्त एवढे बघू या की कमी शिक्षण तिच्या नशिबी दुसरा पर्याय नाही म्हणून येऊ नये.

आता मदत कशी करायची ते सांगते. फी आणि निर्वाह भत्त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे, पण ती हप्त्यांनी येते आणि पोहोचायला वेळ लागतो. मेसचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. मुली शिक्षण सोडतात त्या बहुतेक वेळा या मधल्या महिन्यांत. म्हणून एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा एका मुलीचा महिन्याचा मेसखर्च चार वर्षे न चुकता उचलणारे कुटुंब मला जास्त हवे आहे. गणवेश, बूट, स्टेथोस्कोप, सेकंदकाटा असलेले घड्याळ, ही यादी महिला संघ घेऊ शकतो. मंडळीत विज्ञान किंवा इंग्रजीचे शिक्षक असतील, निवृत्त सिस्टर असतील, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातून एकदा एका मुलीला फोनवर शिकवावे. आणि तुमच्या ओळखीच्या आश्रमशाळेत दहावीला जीवशास्त्रात रमणारी मुलगी असेल तर अकरावीच्या प्रवेशाआधी आम्हाला कळवा. बारावीनंतर नको, तेव्हा उशीर झालेला असतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस घालून पट्टी बांधली, एवढेच आपल्याला आठवते. पण त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, तिथल्या मालकाला पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना तो भरण्याची जबाबदारीही घेतली. त्याची दया पहिल्या दिवशी संपली नाही. मुलीला कॉलेजात पोहोचवून फोटो काढणे सोपे आहे. सातव्या सत्रात, रात्रपाळ्या आणि परीक्षा एकत्र आल्यावर, तिच्या मेसचे पैसे वेळेवर पोहोचवणे हे आपले काम आहे.

सभेनंतर मी बाहेरच्या टेबलावर बसणार आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलींना कशाकशाची गरज आहे, त्याचे कागद तिथे ठेवले आहेत. ज्यांना मेसखर्च उचलायचा आहे त्यांनी आधी घरी बोलावे, चार वर्षांचा विचार करावा आणि मगच नाव द्यावे. देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.